ई-स्कूटरला फॉग लाईट, चार्जर जोडताय? बारा व्होल्ट घ्यायचे कुठून ते आधी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इलेक्ट्रिक स्कूटर वाढल्या, तशी त्यांना वरून काहीतरी जोडून घ्यायची हौसही वाढली. कुणाला मोबाईल चार्जर हवा, कुणाला मोठा हॉर्न. फॉग लाईटचं म्हणाल तर पावसाळ्यात जांबोटीकडच्या धुक्यात ती हौस नव्हे, गरजच आहे. घोळ होतो तो करंट कुठून घ्यायचा इथे.

पेट्रोल गाडीची बॅटरीच १२ व्होल्टची, त्यामुळे दोन वायरी जोडल्या की काम झालं. ई-स्कूटरचा पॅक असतो ४८, ६० किंवा ७२ व्होल्टचा. बाजारातले दिवे-हॉर्न मात्र १२ व्होल्टचेच. मग लेड-ॲसिड गाडीत सोपी वाट काढली जाते. चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, त्यातल्या एकीवरून टॅपिंग मारायचं. दिवा लख्ख लागतो, गिऱ्हाईक खूश.

नुकसान काही महिन्यांनी दिसतं. २० वॅटचे दोन फॉग लाईट रोज तासभर लावले, तर त्या एकट्या बॅटरीतून सुमारे ३.३ ॲम्पियर-अवर जादा जातात. २४ ॲम्पियर-अवरच्या बॅटरीला हे थोडं नाही. चार्जर फक्त चौघींची बेरीज बघतो. बेरीज पुरी झाली की तो थांबतो. टॅप केलेली बॅटरी रोज अर्धपोटी राहते आणि उरलेल्या तिघी जास्त चार्ज होतात. एक सल्फेट धरून बसते, बाकीच्यांचं पाणी उडतं आणि अख्खा सेट लवकर बदलावा लागतो. तेच ४० वॅट पूर्ण ४८ व्होल्टवरून घेतले, तर प्रत्येकीतून साधारण ०.८ ॲम्पियर-अवरच जातात, तेही सारखे. गाडीची रेंज यात फार तर एखाद-दीड किलोमीटरने कमी होईल.

म्हणून वीज घ्यायची ती अख्ख्या पॅकवरून, डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून. गाडीत हेडलाईट, इंडिकेटरसाठी एक कन्व्हर्टर कंपनीनेच बसवलेला असतो. त्यावर एखादा मोबाईल चार्जर चालून जातो. पण समजा त्यावर १० ॲम्पियर, म्हणजे १२० वॅट लिहिलंय, तर सहा-सात ॲम्पियरच्या पुढे त्याला सतत राबवू नये. हेडलाईट, ब्रेक लाईट चालू, वर फॉग लाईट आणि त्यात मोठा हॉर्न दाबला, तर ताण पडून कन्व्हर्टर बंद पडू शकतो. मग घाटातल्या वळणावर हेडलाईटच जातो. जादा दिव्यांसाठी वेगळा कन्व्हर्टर घेतलेला बरा.

तो घेताना इनपुटची कमाल मर्यादा वाचावी. नाव ४८ व्होल्ट असलं तरी तेरा सेलांच्या रांगेचा लिथियम पॅक फुल्ल झाल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवतो, वीस सेलांचा '७२ व्होल्ट' पॅक तर ८४ व्होल्टपर्यंत जातो. ७५ व्होल्टपर्यंतचा कन्व्हर्टर त्याला लावला तर तो पहिल्याच फुल्ल चार्जला जळेल. लिथियम पॅक उघडून सेलांवरून वायर काढणं तर पूर्ण टाळावं. जोड बीएमएसच्या बाहेरच द्यायचा, म्हणजे पॅक उतरला की बीएमएस वेळेवर तोडेल.

फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्हपासून जितका जवळ तितका चांगला. फ्यूजच्या अलीकडच्या वायरला संरक्षण नसतं, आणि ती घासून शॉर्ट झाली तर आग लागते. कारचा नेहमीचा रंगीत फ्यूज बहुतेक वेळा ३२ व्होल्टचाच असतो. ७२ व्होल्ट डीसीवर तो वितळला तरी आतली ठिणगी तुटेलच असं नाही. पॅकच्या बाजूला पॅकच्या पूर्ण व्होल्टेजचा डीसी फ्यूज पाहिजे. १२ व्होल्टच्या बाजूला कारचा चालतो.

कन्व्हर्टर चावीबरोबर बंद व्हायला हवा, त्यासाठी रिले लागतो. नुसता जागा राहून तो २० मिलीॲम्पियर खात असेल, तरी महिन्याला १४.४ ॲम्पियर-अवर जातात. गाडी महिनाभर उभी ठेवून गावी गेलेल्या माणसाला परत आल्यावर निम्मीअधिक बॅटरी रिकामी सापडते.

कामाला हात घालण्याआधी एमसीबी असेल तर तो पाडावा आणि बॅटरीचा प्लग काढावा. ७२ व्होल्टचा झटका १२ व्होल्टसारखा किरकोळ नसतो. वायर कापण्यापूर्वी वॉरंटी कार्डही वाचावं, छेडछाड केल्यास वॉरंटी रद्द, ही अट बहुधा असतेच. नोंदणीकृत गाडीत मोठे फेरफार केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि वेगवेगळ्या सुरांचे हॉर्न तर नियमात बसतच नाहीत.

दिवसातून एकदा मोबाईल चार्ज करण्यापुरतंच काम असेल, तर वायरी कापण्यापेक्षा खिशात पॉवर बँक ठेवलेली परवडते.