सोडून दिलेल्या तेलविहिरींचें ऋण

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानाच्या वायव्य भागांत टायटसव्हिल नांवाचें एक लहानसें नगर आहे. त्याच्या जवळून वाहणाऱ्या ओढ्याला ‘ऑइल क्रीक’, म्हणजे तेलाचा ओढा, असें नांव आहे. कारण त्याच्या पाण्यावर खनिज तेलाचा तवंग आपोआपच तरंगत असे. या ओढ्याच्या कांठीं एडविन ड्रेक यानें तेलासाठीं भूमीला भोंक पाडण्यास आरंभ केला, तेव्हां लोकांनीं त्याला वेड्यांत काढलें. कांठची भुसभुशीत माती भोंकांत ढांसळूं लागली. म्हणून त्यानें एक लोखंडी नळ थेट खडकापर्यंत ठोकून नेला आणि त्या नळांतून पुढील काम चालविलें. २७ ऑगस्ट १८५९ रोजीं सुमारें ६९ फूट खोलीवर काम थांबलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों भोंकांत तेल वर आलेलें! अमेरिकेंतील तेलाच्या धंद्याचा इतिहास येथूनच सुरू होतो.

या वार्तेनें जी झुंबड उडाली तिला सीमा राहिली नाहीं. पिटहोल येथें १८६५ च्या आरंभीं रान व शेतें होतीं. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत तेथें सुमारें १५ हजारांची वस्ती झाली. पुढें तेल आटलें, वस्ती उठली, आणि १८७७ मध्यें नगर म्हणून पिटहोलचें अस्तित्व कायद्यानेंही संपुष्टांत आलें. माणसें गेलीं, भोंकें मात्र राहिलीं.

हीं भोंकें निरुपद्रवी असतीं, तर त्यांचा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या अभेद्य खडकांच्या थरांनीं तेल व वायु कोट्यवधि वर्षें कोंडून ठेविले होते, त्या थरांनाच विहिरीनें छेद दिलेला असतो. तेल काढणें परवडेनासें झालें म्हणून भूगर्भांतील सर्व वायु संपतो असें नाहीं. उरलेला वायु वर येण्यास त्याला आयतीच वाट मिळते. हा वायु मुख्यत्वें मीथेन होय. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें १७७६ मध्यें मॅजोरे सरोवराच्या दलदलींतून गोळा केला तोच हा ज्वालाग्राही वायु. त्याला रंग नाहीं, वासही नाहीं. तो पिण्याच्या पाण्यांत शिरतो, बंदिस्त जागेंत साठला तर स्फोट होतो, आणि हवेंत मिसळला तर पृथ्वीचें तापमान वाढवितो. वीस वर्षांच्या हिशेबानें त्याची ही शक्ति तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या ऐंशीपटीच्या घरांत जाते.

विहिरी बुजविण्याचे कायदे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होऊं लागले. परंतु त्या काळचें बूच म्हणजे पुष्कळदां लांकडाचा ओंडका, दगड आणि माती! लांकूड कुजलें, बूच सुटलें. दुसऱ्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली, तेव्हां अनेक विहिरींतील नळही उपटून नेण्यांत आले. पेन्सिल्व्हेनियांत नव्या विहिरीस परवान्याची सक्ती झाली ती १९५० नंतर. तोंपर्यंतच्या असंख्य विहिरींची कोठेंही नोंद नाहीं.

त्यांतून किती वायु निघतो, हें कोणीं मोजलेंही नव्हतें. मेरी कांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेन्सिल्व्हेनियांतील १९ सोडलेल्या विहिरी मोजून आपले निष्कर्ष २०१४ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांपैकीं बहुतेकींतून थोडाच वायु निघत होता. मात्र तिघींचा प्रवाह मधल्या विहिरीच्या मानानें सुमारें हजारपट होता. यावरून एक व्यवहाराची गोष्ट उघड होते: सर्व विहिरी एकाच वेळीं बुजविणें शक्य नसेल, तर अधिक ओकणाऱ्या विहिरी आधीं शोधाव्या.

पण हें शोधणेंही सोपें नाहीं. चुंबकीय यंत्र हवेंतून फिरवून जमिनींतील लोखंडी नळांचा माग काढतां येतो. परंतु जेथील नळच उपटले गेले, तेथें हें यंत्र मुकें राहतें. विहीर सांपडली म्हणजे तींतील कुजकें लांकूड व गाळ उपसावा लागतो, नंतर तळापासून टप्प्याटप्प्यानें सिमेंट भरावें लागतें. काम कष्टाचें आणि खर्चाचें. मालकाकडून अनामत रक्कम घेण्याची चाल पुढें पडली खरी; पण ती खर्चाच्या मानानें फारच तुटपुंजी ठरली. संयुक्त संस्थानांत सोडलेल्या विहिरी ३० लाखांहून अधिक असाव्या, असा सरकारी अंदाज आहे. त्यांतील बेवारस विहिरी बुजविण्यासाठीं २०२१ च्या कायद्यानें सुमारें ४७० कोटि डॉलर मंजूर झाले. हा पैसा अर्थातच करदात्यांचा.

ड्रेक स्वतः तेलानें श्रीमंत झाला नाहीं. विपन्नावस्थेंत सांपडलेल्या या माणसाला १८७३ मध्यें पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें सालीना १,५०० डॉलरांचें वेतन बांधून दिलें. १८८० मध्यें तो वारला. नफा ज्यांना झाला ते आज हयात नाहींत, आणि ज्यांनीं त्या तेलाचा दिवा कधीं पाहिला नाहीं त्यांना त्याची किंमत मोजावी लागत आहे. आजही विहिरी खणल्या जात आहेत. विहीर खणण्याच्या खर्चांतच ती बुजविण्याचा खर्च धरला पाहिजे, एवढा धडा तरी टायटसव्हिलच्या ओढ्याकांठून घेण्यासारखा आहे.