तिघांचा संघ, रुपयाचं कॉइन

ओसाकाच्या एसएनके कंपनीने 1997 च्या जुलैत 'द किंग ऑफ फायटर्स 97' बाजारात आणला, तेव्हा त्यामागे बरीच जुनी जुळवाजुळव होती. 1994 च्या पहिल्या आवृत्तीतच कंपनीने आपल्या निरनिराळ्या खेळांतली पात्रं एकत्र उतरवली होती. 'फेटल फ्युरी'तला टेरी बोगार्ड, 'आर्ट ऑफ फायटिंग'मधला र्‍यो साकाझाकी, 1986 च्या 'इकारी वॉरियर्स'मधले राल्फ आणि क्लार्क, 1987 च्या 'सायको सोल्जर'मधली अथेना, आणि जोडीला क्यो कुसानागी हा नवा नायक. आधीच्या खेळांत ज्यांनी नाणी ओतली होती, त्या जपानी पोरांसाठी ही पर्वणी होती. 97 मध्ये तर बिली केन, ब्लू मेरी आणि यामाझाकी यांचा संघ तीन गेमिंग मासिकांच्या वाचकांच्या कौलातून ठरला. खेळणार्‍याला पात्र ठाऊक आहे आणि त्याचा त्याच्यावर जीव आहे, हे धरूनच असा क्रॉसओव्हर बेतलेला असतो.

मुंबईच्या उपनगरांत नेमकं हेच धरून चालता येत नव्हतं. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत स्टेशनालगतच्या गल्ल्यांत, तळमजल्यावरच्या एका गाळ्यात चार-सहा मशीन मांडून बसलेल्या गेमवाल्याकडे येणार्‍या मुलांना ही मासिकं दिसली नव्हती, जपानी वाचताही येत नव्हतं. कुठे 'फेटल फ्युरी'चं मशीन असेलही, पण बहुतेकांची टेरीशी पहिली ओळख झाली ती इथेच. तरीही या खेळाने पार्लरांवर वर्षानुवर्षं राज्य केलं. त्याच्या बरोबरीने आठवला जातो तो कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणूनच ओळखतात. पात्रांच्या पुनर्भेटीसाठी रचलेला खेळ जिथे त्या पात्रांना कुणी ओळखत नव्हतं तिथे रुजला. माझ्या मते याचं कारण खेळाच्या रचनेत आहे. एवढी पात्रं एका छपराखाली नांदवताना एसएनकेने तिघातिघांचे संघ केले. निर्मात्यांसाठी ही मांडणीची बाब असेल, पण उपनगरांत तीच खेळाचा गाभा ठरली.

'स्ट्रीट फायटर 2' मध्ये एकाशी एक अशी लढत, तीनपैकी दोन डाव जिंकायचे. नवख्या मुलाचं कॉइन सराईतासमोर दोन मिनिटांत संपायचं, आणि ज्याच्या खिशात दिवसाला एकच कॉइन आहे त्याच्यासाठी तिथेच दिवस संपला. 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये त्याच कॉइनला तीन लढवय्ये मिळत. पहिला पडला की दुसरा येई, दुसरा पडला की तिसरा. आणि जिंकणार्‍याची ताकद दोन लढतींच्या मध्ये थोडीच भरून येत असल्याने तोही दमत जाई. कबड्डीत शेवटचा गडी उरला तरी सामना हातचा गेला असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. लढतीआधी क्रम ठरवावा लागे: कुणाला पुढे पाठवायचं, कुणाला राखून ठेवायचं. त्या निवडीत मुलाची समज दिसायची, आणि मागे उभ्या असलेल्या दहा जणांचा सल्लाही याच वेळी सुरू व्हायचा. हरेल तो उठेल, जिंकेल तो राहील, रांगेतला पुढचा कॉइन टाकेल. प्रत्येक सामना जरा जास्त वेळ चालल्याने पाहणार्‍यांनाही शिकायला अवधी मिळत असे.

आणि शिकण्यासारखं पुष्कळ होतं. आयोरी यागामी या पात्राचा मोठा वार काढायचा तर हँडल खालून पुढे पाव वर्तुळात न्यायचं, न थांबता पुढून खाली आणि मागे अर्धं वर्तुळ पूर्ण करायचं, आणि तिथे पोचताक्षणी ठोशाचं बटण. बोट क्षणभर उशिरा पडलं की आयोरी नुसताच हवेत हात मारतो आणि समोरचा त्याला धरतो. काही लपलेली पात्रं तर स्टार्टचं बटण दाबून धरून हँडल ठरावीक क्रमाने हलवलं तरच निवडता येत. हे कुठे छापलेलं नव्हतं. दुसर्‍याच्या मनगटाकडे बघून, नंतर स्वतःच्या कॉइनवर चुकत चुकत ते आत्मसात करायचं. जपानमध्ये मासिकांनी जे काम केलं ते इथे रांगेने केलं. म्हणूनच या मुलांना नुसते ग्राहक समजणं मला अपुरं वाटतं.

यावर सरळ आक्षेप असा: खेळ टिकला तो नकली बोर्डांवरचा, चोरीचा होता म्हणून, त्यात रचनेचं कौतुक कशाला? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण यंत्राचा पुरावा बराचसा त्याच्या बाजूने आहे. एसएनकेच्या निओ जिओ मशीनला खेळाडूमागे चारच बटणं लागत, 'स्ट्रीट फायटर 2' ला सहा. जपानमध्ये 1985 पासून रुळलेल्या जामा या आर्केड जोडणीच्या साध्या खोक्यात नकली बोर्ड खुपसला की काम भागे. शिवाय 97 च्या कार्ट्रिजमध्ये कुलूपबंदी नव्हती. 98 च्या आवृत्तीपासून एसएनकेने प्रोग्राम सांकेतिक करायला सुरुवात केली आणि पुढे ती वाढवत नेली. कॅपकॉमच्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम'मध्ये स्पायडरमॅन होता. त्याला इथली मुलं ओळखत होती, म्हणजे क्रॉसओव्हरची खरी जादू तिथे चालायला हवी होती. पण ज्या बोर्डावर तो चाले त्याचं कुलूप 2001 पर्यंत कुणाला उघडता आलं नाही. तेव्हा काय येऊ शकलं आणि काय नाही, याचा निवाडा बर्‍याच अंशी नकलखोरांनी केला, हे मान्य.

पण आलेलं सगळंच टिकलं नाही. 'सामुराई शोडाउन', 'वर्ल्ड हीरोज', खुद्द 'फेटल फ्युरी'च्या पुढच्या आवृत्त्या, हे सगळे त्याच निओ जिओवरचे, बहुतांशी तितकेच उघडे खेळ होते. त्यांच्यापैकी कुणालाही 97 चं स्थान मिळालं नाही. उलट 97 ची मागणी अशी होती की नकलखोर त्याचीच नवनवी रूपं काढत राहिले: '97 प्लस', 'किंग ऑफ ग्लॅडिएटर', आणि 97 मधल्या शेवटच्या शत्रूच्या 'ओरोची' या नावाचं 'ओरोशी' करून ठेवलेलं 'ओरोशी प्लस 2003'. सहा वर्षं जुन्या खेळाची नवी नक्कल, नुसती स्वस्त पडते म्हणून कुणी बनवत नाही. जपानी जाणकार 98 ला उजवं मानतात, तर चीन आणि दक्षिण आशियाचा जीव 97 वर. 2018 मध्ये एसएनकेने ऑनलाइन सामन्यांसह नव्याने आणला तोही 97 च. पुरवठ्याने दार उघडलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मुलं आत का थांबली याचं उत्तर तिघांच्या संघाकडेच जातं.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि कायद्याचा. पार्लर म्हणजे शाळा बुडवण्याची आणि पैसे उडवण्याची जागा, जुगाराच्या अड्ड्याची धाकटी बहीण, ही समजूत पक्की होती. 1995 मध्ये एम. जे. शिवानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही व्हिडिओ गेमच्या जागांना परवान्याची अट घालणं वैध ठरवलं, कौशल्याचा खेळ असला तरी. गर्दीची जागा, लहान मुलं, मालकाला हवी तशी फिरवता येणारी यंत्रं, हे पाहता नियमन असावं, याबद्दल वाद नाही. मात्र जुगाराशी केलेली तुलना इथे लागू पडत नाही. जिथे मुलगा यंत्राविरुद्ध खेळतो तिथे मालक यंत्र आपल्या बाजूने झुकवू शकतो. जिथे दोन मुलं एकमेकांविरुद्ध खेळतात तिथे यंत्र फक्त पंच असतं. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचं तेरावं कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतं, आणि आयोरीचा वार ज्याने पाहिला आहे त्याला हा खेळ कुठल्या बाजूला बसतो हे समजावून सांगावं लागणार नाही.

एक आक्षेप मात्र मी स्वतः अधिक कडक शब्दांत मांडेन. या जागा मुलांच्या होत्या, मुलींच्या नव्हत्या. एसएनकेने 1994 पासूनच माई, किंग आणि युरी यांचा तिघींचा पूर्ण संघ दिला, आणि उपनगरांतली मुलं त्यांना बिनदिक्कत निवडत. पडद्यावर जो मान त्या तिघींना मिळाला, तो हँडलसमोर उभं राहायला एखाद्या मुलीला मिळाला असता तर या खेळाचा इथला इतिहास दुप्पट मोठा असता.

पार्लरं गेली ती पालकांमुळे नाही आणि पोलिसांमुळेही नाही. 2000 नंतर सायबर कॅफेतल्या संगणकांवर आर्केडचे खेळ चालवणारे इम्युलेटर आले आणि एकाच कीबोर्डवर दोघं खांद्याला खांदा लावून 97 खेळू लागले. मग मुलुंड, अंधेरी, घाटकोपरला मॉल उभे राहिले. तिथल्या गेम झोनमध्ये कार्ड स्वाइप करून गाडी चालवायची, नेम धरायचा, तिकिटं जमवून बक्षीस घ्यायचं. बहुतेक मशीन एकट्याने खेळायची. अनोळखी मुलाशी गाठ घालून देणारा खेळ मॉलच्या हिशोबात बसला नाही. लाहोरमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथल्या आर्केडांत 'किंग ऑफ फायटर्स'वर हात बसवलेला अर्सलान अॅश 2019 मध्ये 'टेकन 7' खेळून जपान आणि अमेरिका इथल्या फायटिंग खेळांच्या दोन्ही एव्हो स्पर्धा जिंकला, आणि आपल्या देशात, पाकिस्तानात, आपल्याहून तगडे खेळाडू आहेत असं त्याने जाहीरपणे सांगितलं. उपनगरांतल्या रांगेत गुणवत्ता कमी होती असं मानायला मला काही आधार दिसत नाही. फरक होता तो गाळ्याच्या भाड्याचा, आणि ते भाडं रुपया-दोन रुपयांच्या कॉइनमधून निघत नव्हतं.