चेंडू, विटी आणि बंदुकीचा पीळ

रामटेकच्या गडावरून उत्तरेकडे सातपुड्याच्या टेकड्या दिसतात. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली, आणि या रांगेतील जंगलांची पाहणी सुरू झाली. त्या कामावरच्या अधिकाऱ्यांपैकी कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित आहे. त्याने १८६३ मध्येच शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक पुस्तक लिहिले होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपले. त्या पुस्तकातील भौतिकशास्त्र अजून शिकवण्याजोगे आहे.

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष टिकवून धरते. मग पीळ जितका घट्ट तितका नेम चांगला, असे कोणालाही वाटेल. त्या काळी अनेकांना तसे वाटतही होते.

फोर्सिथचा अनुभव वेगळा होता. दाट जंगलात जनावर किती दूर आहे याचा अंदाज हमखास चुकतो. गोळी मंद असेल तर ती वाटेत जास्त खाली येते आणि जनावर केवळ जखमी होऊन गवतात शिरते. जखमी वाघ म्हणजे काय, हे आसपासच्या गावांना सांगावे लागत नसे. हवेचा रोध सोडून देऊन विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्यावे: १०० मीटर जाताना सेकंदाला ३५० मीटर वेगाची गोळी सुमारे ४० सेंटिमीटर खाली येते, ५०० मीटर वेगाची २० सेंटिमीटर. म्हणजे दारू जास्त हवी. पण घट्ट पिळाच्या नळीत जास्त दारू भरली, की शिशाची मऊ गोळी खाचांत न फिरता त्यांवरून घसरत सुटते!

फोर्सिथने पीळच सैल केला. एका पौंडात चौदा बसतील अशा गोल गोळीसाठी त्याने १०४ इंचांत एक फेरा सुचवला. इतक्या मंद फिरकीवर भागते, कारण चेंडूची कोणती बाजू पुढे आहे याने काही फरक पडत नाही. विटीचे तसे नाही. ती हवेत कोलांट्या खाते. लांबट गोळीवर हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे पडतो आणि तिला उलटवू पाहतो. तिला सावरायला वेगवान फिरकी लागते.

१८७९ मध्ये वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी सोपे सूत्र दिले: व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून गोळीच्या लांबीने भागा, एका फेऱ्याचे अंतर मिळते. ७.८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३१ मिलिमीटर लांब गोळीला सुमारे ३० सेंटिमीटर. फोर्सिथच्या ०.६९३ इंची गोल गोळीसाठी उत्तर येते १०४ इंच! सूत्र लांबट गोळ्यांसाठी आहे, तेव्हा या जुळणीचा फार गाजावाजा करू नये.

गोल गोळीचा वेग हवेत लवकर घटतो, त्यामुळे दूरच्या नेमासाठी पुढे लांबट गोळ्या आणि घट्ट पीळच रूढ झाले. 'जड गोळीला घट्ट पीळ' असे बंदूकवाले म्हणतात खरे, पण सूत्रात वजन कुठेच नाही. तांब्याची घनता ८.९, शिशाची ११.३, त्यामुळे त्याच व्यासाची आणि वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते, आणि तिला पीळही अधिक घट्ट लागतो.