पाहणाऱ्यांचे मन

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे एक खेडे. राजधानी विस्तारत गेली, शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले आणि या खेड्याची दाट नागरी वस्ती झाली. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री येथील थांब्यावरून एक तरुणी व तिचा मित्र एका खासगी बसमध्ये चढले. त्यानंतरच्या अत्याचाराने देश हादरला. २९ डिसेंबर रोजी तिचा मृत्यू झाला. त्या दोघांना महिपालपूरजवळ रस्त्याकडेला फेकून देण्यात आले होते. वाहने जवळ येऊन मंदावत आणि निघून जात, असे त्या मित्राने पुढे सांगितले. ही माणसे का थांबली नसावीत?

हा प्रश्न मानसशास्त्राने १९६४ नंतर हाती घेतला. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि अडतीस शेजारी तो नुसता पाहत राहिले, असे वृत्त प्रसिद्ध झाले. महानगराने माणसाचे काळीज दगडाचे केले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. जॉन डार्ली व बिब लाताने यांना तो पुरेसा वाटला नाही. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात शेजारच्या खोलीतील कुणाला झटका आल्याचा आवाज ऐकवला जाई. आपण एकटेच ऐकत आहोत असे समजणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक झटका ओसरण्यापूर्वीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे समजणाऱ्यांपैकी केवळ ३१ टक्के. न उठलेल्यांचेही हात थरथरत होते. त्यांचे मन निर्विकार नव्हते. जबाबदारी मात्र अनेकांत वाटली गेली होती.

पुढील संशोधनाने या चित्रातही दुरुस्ती केली. अडतीस निष्क्रिय साक्षीदारांच्या कथेला पुरेसा आधार नाही, हे २००७ मध्ये दाखवून देण्यात आले. अ‍ॅम्स्टरडॅम, लँकेस्टर व केपटाउन येथील २१९ सार्वजनिक भांडणांच्या चित्रफिती तपासणाऱ्या, २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दर दहापैकी नऊ प्रसंगांत कुणीतरी मध्ये पडल्याचे आढळले. मुंबईचा अनुभवही असाच आहे. ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील स्फोटांनंतर रुळांलगतच्या झोपड्यांतील रहिवाशांनी चादरींच्या झोळ्या करून जखमींना वाहून नेले.

मग महिपालपूरच्या रस्त्यावर काय आड आले? त्या प्रत्येक वाहनचालकाच्या मनात काय होते, हे कोणताही प्रयोग सांगू शकत नाही. परंतु जखमीला हात लावला की पोलीस-चौकशी आणि कोर्टाच्या खेपा मागे लागतात, ही भीती भारतीय रस्त्यांवर जुनीच होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आले. या कलमाने रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला अभय दिले आहे. अन्य संकटांत सापडलेल्या जखमीपाशी थांबणाऱ्याचे भय दूर करण्याचे काम अजून शिल्लक आहे.