झाडाआधी जमीन पडते

शहरातली झाडं वाचवायची म्हटलं की आपल्याला एकच कायदा आठवतो, वृक्षतोडीचा. झाडावर नोटीस चिकटते, हरकती मागवतात, आपण ईमेल पाठवतो, फारच संताप आला तर रस्त्यावर उतरतो. हे सगळं हवंच. पण गेले काही वीकेंड जुने विकास आराखडे आणि त्यांच्या नियमावल्या चाळतोय, आणि एक गोष्ट पटत चालली आहे. आपण बहुतेक वेळा उशिरा पोचतो. झाडाचा निकाल लागतो तो कागद वेगळाच असतो.

थोडा इतिहास बघू. महाराष्ट्रात या बाबतीत दोन कायदे महत्त्वाचे. पहिला १९६६चा, प्रादेशिक व नगररचनेचा, म्हणजे एमआरटीपी. कुठे घरं, कुठे कारखाने, कुठे बाग आणि कुठे काहीच नाही, हे याच्याखाली ठरतं. तो रंगीबेरंगी डीपीचा नकाशा यातूनच येतो. दुसरा १९७५चा, शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा. याने महापालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरण आणलं, झाडांची गणना करायला लावली, विनापरवाना तोड गुन्हा ठरवली. २०२१मध्ये त्यात सुधारणा झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' झालं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावा, असा नियम आला.

वाचायला छान वाटतं. गोची अशी, की १९७५चा कायदा विचारतो, "हे झाड तोडायचं का?" आणि १९६६चा विचारतो, "या जमिनीवर काय होणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'इमारत' असं एकदा ठरलं, की पहिल्या प्रश्नात उरतो तो रोपांचा हिशेब. आणि ६० वर्षांच्या वडाबद्दल ६० रोपं लावायची, पण ती लावायला जमीन कुठे आहे?

आरेचंच बघा. मुंबईच्या १९९१च्या आराखड्यात आरे 'ना विकास क्षेत्रा'त होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये नव्या आराखड्याचा मसुदा आला, त्यात आरेमध्ये विकासाला वाट करून दिली होती. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदाच रद्द करून नव्याने करायला सांगितलं. म्हणजे नकाशाच्या पातळीवर लोकांचं ऐकलं जातं, अगदीच नाही असं नाही.

पण मग ऑगस्ट २०१७मध्ये सरकारने मेट्रो कारशेडसाठी तिथल्या सुमारे ३३ हेक्टर जमिनीचा वापर बदलला. २०१८मध्ये उच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. देशभर गाजली ती मात्र ऑक्टोबर २०१९ची रात्र. ४ तारखेला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडं गेली होती. पुढे सरकारं बदलली, कारशेड कांजूरमार्गला गेली, परत आरेत आली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये त्या मेट्रोचा पहिला टप्पा सुरूही झाला. मेट्रो हवी की नको हा वेगळा वाद. सांगायचंय ते एवढंच, की झाडं पडायच्या दोन वर्षं आधी जमीन पडली होती.

आता पुण्याकडे येऊ, कारण तिथे प्रश्न उलटा आहे. १९९७मध्ये हद्दीत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्यान', म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकलं गेलं. सुमारे ९७८ हेक्टर. बरीचशी जमीन खासगी. बांधकाम होऊ द्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं घोळ चालला आणि शेवटी २०१५मध्ये राज्य सरकारने आरक्षण कायम ठेवलं. मोबदला? ८ टक्के टीडीआर. ढोबळमानाने, १०० चौरस मीटर टेकडी द्या आणि दुसरीकडे ८ चौरस मीटर बांधकामाचा हक्क घ्या. शाळा-बागेसाठी आरक्षित जमिनीला याच्या कितीतरी पट मिळतो. साहजिकच फारसं कुणी पुढे आलं नाही.

इथे आपल्याला जरा अवघड जागी बोट ठेवावं लागतं. टेकडीची हवा आपण सगळे खातो, सकाळी फिरायला आपण जातो, आणि त्याची किंमत मात्र ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याने एकट्याने मोजायची? पैसे न देता नकाशावर हिरवा रंग मारला, की तो मालक शत्रू होतो, आणि मग टेकडी रात्रीतून थोडी थोडी कापली जाते. त्यात एमआरटीपीच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नंतरच्या ठरावीक मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. थोडक्यात, हिरव्या रंगालाही एक्स्पायरी डेट असते.

नवी सावली वाढवायचा प्रश्नही असाच जमिनीवर येऊन थांबतो. आपल्यातले बरेच जण राहतात त्या टॉवरमधलं 'गार्डन' पार्किंगच्या छतावर असतं. तिथे लॉन येतं, शोभेची झुडपं येतात. पिंपळ येत नाही, त्याला खाली माती लागते. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं, की नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही. बिल्डिंगच्या नियमातली एक ओळ, पण पन्नास वर्षांनी तिथे झाड असेल की नाही हे तीच ठरवते.

आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, की प्रॉडक्शनला गेल्यावर सापडलेला बग सगळ्यात महाग पडतो. झाडांच्या बाबतीत आपण दरवेळी प्रॉडक्शनमध्येच भांडतो. रिक्वायरमेंटची मीटिंग होते तेव्हा, म्हणजे डीपीचा मसुदा हरकतींसाठी खुला असतो तेव्हा, आपण जागेवर नसतो. ती मीटिंग कंटाळवाणी असते, नकाशे कळत नाहीत, सर्व्हे नंबर शोधता शोधता डोळे दुखतात. पण बिल्डर आणि जमीनमालक तिथे वेळेवर हजर असतात.

असो. पुढच्या वेळी पेपरात 'प्रारूप विकास आराखडा' किंवा 'आरक्षणात फेरबदल' अशी बारीक अक्षरातली नोटीस दिसली, तर पान उलटू नका. आपल्या वॉर्डाचा नकाशा काढा, हिरवा रंग कुठे पुसलाय ते बघा, आणि मुदतीत हरकत टाका. शिवाय जमिनीचा मोबदला कोण आणि कशातून देणार, हेही त्याच पत्रात विचारा.