प्रार्थना दूरची, गाणे इथले

माघ पौर्णिमा जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातले दरेकसा हे एरवी शांत असणारे रेल्वे स्टेशन माणसांनी फुलून जाते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण अशा कितीतरी प्रांतांतून गोंड बांधव इथे उतरतात. 'जय सेवा' म्हणत एकमेकांना भेटतात आणि पिवळी वस्त्रे, झेंडे, ढोल घेऊन धनेगावच्या वाटेने कचारगडाच्या डोंगराकडे निघतात. डोंगरात एक प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. आपले पूर्वज या गुहेत कोंडले गेले होते आणि पारी कुपार लिंगो यांनी त्यांना सोडवून धर्म दिला, गोत्रांची व्यवस्था लावून दिली, अशी गोंडांची श्रद्धा आहे. म्हणून कचारगड हे त्यांचे तीर्थ.

या कचारगडाच्या कथेचा एक धागा मात्र फार दूर, स्कॉटलंडमधल्या प्रार्थनासभांपर्यंत जातो. आज मला त्या धाग्याविषयी बोलायचे आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये एक प्रथा रुजली होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोक संध्याकाळी जमत. जगभर पसरलेल्या मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात, आणि मग त्या मिशनसाठी, त्या देशांतल्या माणसांसाठी प्रार्थना होई. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही असे विणकर, शेतकरी, घरकाम करणाऱ्या बाया हिंदुस्थान, आफ्रिका, चीन यांची नावे घेऊन देवाजवळ मागणे मागत. त्या काळात पत्र पोचायला महिना-दोन महिने लागत. त्यामुळे एखाद्या मिशनऱ्याच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून इकडे प्रार्थना चाललेली असे, आणि तो तिकडे केव्हाच मातीआड झालेला असे.

महाराष्ट्राचा या प्रथेशी जुना संबंध आहे. 1806 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळातून वाचण्यासाठी गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथे त्यांनी परदेशातील मिशनसाठी प्रार्थना केली. या छोट्या बैठकीतून जी चळवळ उभी राहिली तिच्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली. तिने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले. अमेरिकन मराठी मिशनची ही सुरुवात. पुढे याच मिशनने अहमदनगरला 1842 मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. जगभर एकाच आठवड्यात प्रार्थना करावी, ही कल्पना तर हिंदुस्थानातूनच गेली. 1858 मध्ये लुधियानाच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी तसे आवाहन केले, आणि जानेवारी 1860 मध्ये अनेक देशांत पहिला प्रार्थना सप्ताह पाळला गेला.

या प्रार्थनांमध्ये गोंडांचेही नाव येऊ लागले. बर्लिनला गोसनर नावाचे एक पाद्री होते. श्रीमंतांच्या दारावरची घंटा ओढण्यापेक्षा प्रार्थनेची घंटा ओढलेली बरी, असे ते म्हणत, आणि वर्गणीपेक्षा प्रार्थनेवर भिस्त ठेवून माणसे परदेशी पाठवत. 1840 नंतर लगेचच अमरकंटकजवळच्या करंजिया या गोंड गावी जर्मन मिशनऱ्यांनी वस्ती केली. गोसनर यांनी पाठवलेले काही जण त्यांत होते. थोड्याच काळात रोगाने त्यांतले बहुतेक दगावले. ज्यांच्यासाठी ते आले होते त्यांची भाषा नीट कानावर पडण्याआधीच सारे संपले.

याच सुमारास नागपूरकडे स्कॉटलंडची नजर वळली. मद्रास फौजेतल्या कॅप्टन हिल यांनी नागपूर भागात मिशन काढण्यासाठी मोठी देणगी दिली. 1843 मध्ये स्कॉटलंडचे चर्च फुटून फ्री चर्च वेगळे झाले. घरचीच घडी विस्कटलेली असतानाही या नव्या चर्चने परदेशचे काम सोडले नाही. त्याने स्टीफन हिस्लॉप या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला पाठवले. 1845 च्या आरंभी हिस्लॉप नागपूरला पोचले.

नागपूरकरांना हे नाव सांगायला नको. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच स्मरणार्थ आहे. मराठी शिकून त्यांनी शाळा काढली. भूगर्भशास्त्राचा त्यांना विलक्षण नाद होता. विदर्भातल्या खडकांतले वनस्पतींचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, त्यांच्यावर निबंध लिहिले. हिस्लोपाइट या खनिजाला त्यांचेच नाव आहे. आले ते मात्र धर्मप्रसारासाठी, आणि शेवटपर्यंत ते मिशनरीच होते. गोंडांनी ख्रिस्ती व्हावे असे त्यांना मनापासून वाटत होते, यात शंका नाही.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ज्यांना सांगायला आलो त्यांचे काय म्हणणे आहे, हे त्यांनी ऐकून घेतले.

गोंडांचे गायक म्हणजे परधान. यजमानाच्या घरी जाऊन, बाना नावाचे तंतुवाद्य वाजवून कुळांच्या आणि देवांच्या कथा गाणे हा त्यांचा वंशपरंपरेचा हक्क. अशा एका परधानाकडून लिंगोची कथा मिळाली आणि ती मूळ गोंडी शब्दांत, रोमन लिपीत उतरवली गेली. ऐकून सारांश लिहिला असता तरी त्या काळच्या रीतीप्रमाणे ते पुरेसे होते. इथे तसे झाले नाही. ओळीमागून ओळ, गोंडीतच लिहिली गेली.

हे काम हिस्लॉप यांच्या हयातीत छापले गेले नाही. 4 सप्टेंबर 1863 रोजी नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे ते रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. तिथली शाळा तपासण्यासाठी ते मागे राहिले. संध्याकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. वय सेहेचाळीसच्या आसपास. टेंपल त्या वेळी मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. त्यांनी हिस्लॉप यांचे कागद जमवले, टिपा जोडल्या आणि 1866 मध्ये मध्य प्रांतांतील आदिवासींविषयीचे हे टिपण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. लिंगोचे सुमारे हजार ओळींचे गीत मूळ गोंडी आणि इंग्रजी भाषांतरासह त्यात आले.

या गीतात काय आहे? महादेव गोंडांवर रुष्ट होऊन त्यांना गुहेत कोंडतात आणि तोंडावर प्रचंड शिळा लावतात. चौघे तेवढे निसटतात आणि काचीकोपा लोहागड या ठिकाणी आसरा घेतात. काचीकोपा लोहागड म्हणजे तांबड्या डोंगरांतली लोखंडाची दरी, असा अर्थ त्या ग्रंथात दिला आहे. पुढे लिंगोचा जन्म होतो. तो या भावांना शेती शिकवतो, त्यांच्याकडूनच मारला जातो, पुन्हा जिवंत होतो आणि शेवटी कोंडलेल्यांना सोडवतो. कचारगड म्हणजेच काचीकोपा लोहागड, असे आज गोंडी धर्माचे अभ्यासक मानतात. धनेगावात सांगतात ती कथा छापील गीतापेक्षा काहीशी वेगळी आहे. तिथे कोंडलेली मुले कली कंकालीची आहेत, त्यांच्यासाठी जंगो रायताड झटते, आणि शिळा हटवण्यासाठी हिरासुका पाटालीर हा वादक आपला प्राण देतो. तोंडी परंपरेत असे पाठभेद असायचेच. आपल्याकडे रामकथेचे तरी किती पाठ आहेत!

मी कचारगडची गुहा पाहिली आहे. आत उभे राहून वर पाहिले की छताच्या फटीतून उजेडाचा झोत खाली येतो. कथा ऐकून गेलेल्या माणसाला शिळा कुठे सरकली असेल, हे कोणी दाखवावे लागत नाही. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून उभे होते. ते कोणासाठी काय मागत होते, हे मी विचारले नाही. पण एक विचार मनात आला. दीडशे वर्षांपूर्वी याच लोकांसाठी हजारो मैलांवर माणसे डोळे मिटून बसत होती, आणि त्यांची समजूत अशी होती की इथे प्रार्थनाच नाही, आहे तो फक्त अंधार!

माझ्या मते या इतिहासातली खरी गोष्ट हीच आहे. दूर बसून दुसऱ्याचे भले चिंतणे हे लहान काम नव्हे. त्या विणकरांच्या आणि बायांच्या मनात खोट नव्हती. आपल्या तुटपुंज्या कमाईतून ते नाणे काढून देत होते. पण ज्याच्यासाठी मागायचे त्यालाही स्वतःचे मागणे असते, स्वतःचा देव असतो, स्वतःचे गाणे असते, हे त्या प्रार्थनेत सहसा नसे. ते कळायला कोणीतरी त्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकावे लागते. हिस्लॉप यांना ज्या हेतूने पाठवले होते तो गोंडांच्या बाबतीत फारसा सफल झाला नाही. पण त्यांच्या कागदांतून जे उरले, ते गोंडांच्या कामाचे ठरले. गोंडी परंपरेचा जुना लिखित पुरावा शोधणाऱ्याला 1866 चा तो ग्रंथ आजही टाळता येत नाही.

यात श्रेयाची वाटणीही नीट करायला हवी. हिस्लॉप यांनी गाणे वाचवले असे म्हणणे बरोबर नाही. गाणे परधानांच्या कंठात होते आणि पुढेही राहिले. ग्रंथावर हिस्लॉप यांचे नाव आहे, टेंपल यांचे आहे. गाणाऱ्याला मात्र आपण 'एक परधान' एवढेच म्हणून ओळखतो.

करंजियाची कहाणीही तिथेच थांबली नाही. 1932 मध्ये त्याच गावी पुन्हा दोघे ख्रिस्ती तरुण राहायला आले. एक इंग्रज, व्हेरिअर एल्विन. दुसरे मराठी, शामराव हिवाळे. दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले. त्यांनी दवाखाना काढला, शाळा काढल्या, पण गोंडांना ख्रिस्ती करण्याचे काम आपण करणार नाही असे एल्विन यांनी ठरवले. नागपूरच्या बिशपांशी त्यांचे जमले नाही, आणि 1935 मध्ये ते चर्चपासून दूर झाले. शामरावांनी पुढे ज्या विषयावर ग्रंथ लिहिला तो विषय होता परधान! नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवरचे त्यांचे पुस्तक 1946 मध्ये निघाले. ज्या गायकांकडून हिस्लॉप यांच्या वहीत गीत आले, त्या गायकांच्या जीवनाकडे ऐंशी-नव्वद वर्षांनी एका मराठी माणसाने आपुलकीने पाहिले.

प्रार्थना करणारेही बदलले. 1927 मध्ये ख्रिस्ती स्त्रियांनी मिशनसाठी जागतिक प्रार्थना दिन म्हणून एक दिवस जगभर पाळायला सुरुवात केली. पुढे 'मिशनसाठी' हे शब्द गळाले आणि नुसता जागतिक प्रार्थना दिन उरला. आता तो मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. त्याची पद्धत मला फार बोलकी वाटते. दर वर्षी एका देशातल्या स्त्रिया त्या दिवसाची प्रार्थना लिहितात आणि बाकीचे देश ती म्हणतात. आमच्यासाठी काय मागायचे ते आम्हीच सांगू, असा त्याचा अर्थ. आधी जाणून घ्या, मग प्रार्थना करा आणि मग कामाला लागा, हे त्यांचे सूत्र आहे. पहिल्या सोमवारच्या सभांपासून इथपर्यंत यायला शंभरावर वर्षे लागली.

कचारगडावर आज दिसते ती मोठी जत्रा 1980 च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. कंगाली यांनी गोंडी भाषा आणि धर्म यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. 2015 मध्ये ते गेले. 2011 च्या जनगणनेत 'इतर धर्म' या सदरात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंडी असा नोंदवला. आमच्या धर्माला स्वतंत्र रकाना द्या, अशी त्यांची मागणी आहे. म्हणजे गोंडांना सांगणारे अजून पुष्कळ आहेत. कोणी म्हणतो तुम्ही अमुक आहात, कोणी म्हणतो तमुक व्हा. सारेच त्यांच्या भल्यासाठी!

अशा वेळी त्या अनाम परधानाची आठवण ठेवावी. त्याने आपली कथा सांगितली आणि समोरच्याने ती त्याच्याच शब्दांत लिहून घेतली. दुसऱ्यासाठी देवाजवळ काही मागण्याआधी निदान एवढे करायला हरकत नसावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)