रापणीचा दोर

गेल्या महिन्यात मालवणला गेलो होतो. रापण ओढून झाली होती आणि शेजारचे आबा जाळं उन्हात पसरत होते. मी आयताच सापडलो. "झिला, तू इंजिनेर मां? जाळां बुडता, दोर तरंगता. दोनय प्लॅस्टिक, मगे असा कित्याक?"

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीत केटी लागलेल्या माणसाला हे विचारू नये :-) पुण्याला परत आल्यावर अख्खा वीकएंड त्यातच गेला.

जाळं नायलॉनचं. कॅरोथर्सने १९३५ साली केलेल्या नायलॉनमध्ये साखळीचा प्रत्येक सांधा जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. दोर पॉलिप्रॉपिलीनचा. त्याची जात वेगळी, बेरजेची. इथे काहीच गळत नाही, सगळे रेणू जसेच्या तसे जोडले जातात.

या जातीचा किस्सा मस्त आहे. मार्च १९३३, इंग्लंड. आयसीआय कंपनीतल्या गिब्सन आणि फॉसेट यांनी इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली, १७० अंशांवर ठेवलं. शुक्रवारी लावलेल्या प्रयोगात सोमवारी पांढरा, मेणासारखा पदार्थ सापडला. पुन्हा करायला गेले तर स्फोट! डिसेंबर १९३५ मध्ये जमलं, तेही उपकरण गळत होतं म्हणून. दाब टिकवायला नवं इथिलीन भरलं, त्यासोबत किंचित ऑक्सिजन आत गेला. म्हणजे बग होता म्हणून प्रोग्रॅम चालला.

इथिलीनच्या दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. ऑक्सिजनमुळे तयार झालेला, एक सुटा इलेक्ट्रॉन असलेला कण त्यातला एक बंध उघडतो आणि चिकटतो. आता सुटा इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला. ते टोक पुढचा रेणू पकडतं, मग त्याच्या पुढचा... चक्क लिंक्ड लिस्ट, शेवटचा पॉइंटर कायम मोकळा. अशी दोन मोकळी टोकं एकमेकांना भेटली की साखळी संपते.

प्रॉपिलीन मात्र अशाने नीट जुळेना. १९५३ मध्ये झिग्लरने साध्या दाबावर चालणारे धातूंचे उत्प्रेरक शोधले, १९५४ मध्ये मिलानच्या नाट्टाने तेच वापरून शिस्तीत रचलेलं पॉलिप्रॉपिलीन बनवलं. दोघांना १९६३ चं नोबेल. त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन, घनता साधारण ०.९. म्हणून तरंगतं. नायलॉन १.१४, म्हणून बुडतं.

रविवारी रात्री आबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बुडणा नाय, कुजणा नाय. मगे तुटलेलो दोर जाता खंय?"

उन्हाने त्याचे तुकडे होतात, पण ते बारीक होऊन उरतातच. त्या दिवशी पायाखालच्या वाळूत निळे तंतू दिसले होते, ते मी त्यांना सांगितलं.